तिला कळेपर्यंत

डब्यातून अर्धा वर आलेला तो पांढरा कागदी रुमाल पंख्याच्या वाऱ्याने एकदा इकडे, एकदा तिकडे कलत होता — पडत नव्हता, पुरता बाहेरही येत नव्हता — आणि समोरच्या बाई काहीतरी विचारत होत्या, बहुधा त्यालाच, कारण सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"डॉक्टर, तुमच्या तपासणीच्या खोलीत हा डबा कुठे असतो?"

कुठे असतो... फडताळावर, कापसाच्या बरणीमागे. त्याने तसे सांगितले.

"म्हणजे ज्याला रडायचंय त्याने आधी अर्ज करायचा," बाई म्हणाल्या, आणि सगळे हसले, तोही हसला. हसताना आपला चेहरा नेमका किती वेळ तसा ठेवायचा याचा अंदाज त्याला आला नाही. इतरांचे हसू मिटल्यावरही त्याचे तसेच राहिले होते, आणि शेजारी बसलेल्या सिस्टरने त्याच्याकडे एकदा पाहून मान वळवली.

सुट्टीचा दिवस होता. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतले बाक त्यांनी सकाळीच गोल करून मांडले होते, वजनकाटा भिंतीला लावला होता, आणि कुत्र्यामांजरांचा, औषधी साबणाचा तो नेहमीचा वास आज कुत्रीमांजरे नसताना जास्तच येत होता. बाई पूर्वी स्वतः जनावरांच्या डॉक्टर होत्या. आता गावोगावच्या लहान दवाखान्यांत जाऊन तिथल्या माणसांना शिकवत — शस्त्रक्रियेतले नवे शोध, भूल देताना घ्यायची काळजी, आणि आजच्यासारखे हे. वाईट बातमी कशी सांगावी. त्यानेच त्यांना बोलावले होते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला धाकट्या डॉक्टरांनी — गेल्या वर्षीच कामाला लागलेली हुशार मुलगी — एका गृहस्थांना फोनवर त्यांचा कुत्रा टेबलावरच दगावल्याचे सांगितले होते, आणि त्याच दमात, पट्टा न्यायला कधी येता म्हणून विचारले होते. गृहस्थ आले. पट्टा घेतला, तो गळ्याच्या मापाला जिथे वळला होता तिथे बोट फिरवत काउंटरपाशी पुष्कळ वेळ उभे राहिले आणि गेले. मग ही मुलगी पिंजऱ्यांच्या खोलीत जाऊन हमसाहमशी रडली. तो तिला रागावला नव्हता. "हे कोणी शिकवतच नाही आपल्याला," एवढेच म्हणाला होता, आणि त्याच संध्याकाळी बाईंना फोन केला होता.

तेव्हा सगळे ठीक होते. तेव्हा त्याच्या बायकोची फक्त पाठ दुखत होती.

पाठ दुखत होती, आणि वजन उतरत होते, आणि त्या उतरणाऱ्या वजनावर ती खूश होती. आरशासमोर बाजूने उभी राहून पोट आत घ्यायची आणि म्हणायची, बघ, काही न करता! शाळेतल्या बाया विचारतात मला, काय करतेस म्हणून. मी सांगते, नववीला गणित शिकवा, आपोआप झिजाल... आणि तो — रोज टेबलावर चढवलेल्या प्रत्येक जनावराच्या बरगड्यांवरून हात फिरवून, किती दिवसांत एवढं उतरलं, असे पहिल्यांदा विचारणारा तो — वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हणाला होता, छान दिसतेस.

"आता मला सांगा," बाई म्हणत होत्या, "जनावर मेलं, हे तुम्ही मालकाला कोणत्या शब्दांत सांगता? लाजू नका. रोज जे तोंडात येतं तेच."

"गेला," सिस्टर म्हणाली.

"सुटला बिचारा, असं पण म्हणतो आपण."

"आम्ही वाचवू शकलो नाही," धाकट्या डॉक्टर पुटपुटल्या.

"झोपवलं," तो म्हणाला. काहीतरी म्हणायला हवे होते.

काउंटरवरच्या काकांनी घसा खाकरला. काका बँकेतून निवृत्त झालेले, घरी बसवत नाही म्हणून दवाखान्यात फोन घेणारे. "बाई, 'गेला' शब्द माझ्यासमोर काढू नका. मी एकदा एकांना फोनवर म्हटलं, साहेब, वाईट वाटतं सांगायला, तुमचा बोका गेला. तर ते ओरडले, गेला म्हणजे? दार उघडं कसं ठेवलंत तुम्ही? मी काही बोलायच्या आत फोन बंद. पंधरा मिनिटांत हजर — हातात बॅटरी, खिशात सुके मासे, आणि बरोबर बायको. दोघंही मागच्या गल्लीत हाका मारत फिरतायत."

हसता हसता सिस्टरला ठसका लागला. बाईही हसल्या. मग काका म्हणाले, "शेवटी मलाच जावं लागलं गल्लीत. त्यांना थांबवायला," आणि खोलीत कोणीच हसेनासे झाले.

...गल्लीत नव्हे, तो बोळ होता, इस्पितळातला, दोन्ही बाजूंना खुर्च्या लावलेला. परवाची गोष्ट. ती आत कपडे बदलत होती आणि पोटाचे डॉक्टर त्याला कोपराला धरून बाहेर घेऊन आले होते, जिव्हाळ्याने, जसे आपण आपल्यातल्याला घेतो. "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही आमच्याच धंद्यातले," ते म्हणाले होते. "स्वादुपिंडाच्या मधल्या भागात आहे. यकृतात उतरलंय. ऑपरेशनची वेळ गेली. औषधं देऊन बघू, पण... तुम्हाला कल्पना आहेच." आणि त्याने मान हलवली होती. तीच मान, जी तो दुसऱ्या गावच्या डॉक्टरने पाठवलेल्या एखाद्या कुत्र्याचा फोटो पाहताना हलवतो. वर त्याने औषधाचे नाव विचारले होते, किती आठवड्यांनी देतात ते विचारले होते, आणि त्या दोघांत दोन-तीन मिनिटे चांगली जाणकार चर्चा झाली होती. एक ट्रॉली येत होती म्हणून ते दोघे भिंतीला सरकले, ट्रॉली गेल्यावर पुन्हा पुढे आले. "घरी तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाले. "रोजचंच आहे तुमचं." आणि तो — आठवले की अजून कानशिले तापतात — तो थँक्यू म्हणाला होता.

मग ती बाहेर आली, केसांची पिन दातात धरून, दोन्ही हातांनी केस गुंडाळत. पिनेमागून म्हणाली, "काय म्हणाले?"

"अजून एकांना दाखवू म्हणाले. सोमवारी."

"आणि तुझं तोंड असं का?"

"भूक लागलीये."

"मग चल, आधी तुला खायला घालू," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून पुढे चालू लागली.

सोमवार म्हणजे उद्या. उद्या ज्या दारासमोर ते जाऊन बसतील त्या दारावर पाटी असेल आणि पाटीवर तो शब्द असेल, चांगला मोठा, लांबूनही वाचता येईल असा. म्हणजे तिला सांगायचे ते आज. आज संध्याकाळी. सकाळी दवाखान्यात येताना त्याने ठरवले होते, आणि त्याच वेळी त्याला मनातून बरेही वाटले होते की दिवसभराचे हे शिक्षण आहे, दिवसभर कुठेतरी जायचे आहे... आजचा कार्यक्रम पुढे ढकलणे काही अवघड नव्हते. त्याने तो ढकलला नाही.

बाई फळ्यासमोर उभ्या होत्या, पण फळ्यावर काही लिहीत नव्हत्या. हातातल्या खडूने हवेत टिंबे देत होत्या. "आधी बसा. उभ्याने सांगू नका, दारात तर नकोच. मग एक पायरी द्या — मी जे सांगणार आहे ते चांगलं नाही — म्हणजे माणूस कठड्याला हात लावतो. मग एकच वाक्य. लहान. त्यात 'मरण' हा शब्द असला तर असू दे. आणि मग गप्प बसा. ती शांतता तुम्हाला फार लांब वाटते. समोरच्याला वाटत नाही. तो तिथे नसतोच."

तो तिथे नसतोच. मग मी परवापासून कुठे आहे? मी घरी जातो, दार उघडतो, ती वह्या तपासत बसलेली असते, एका मुलाने समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या येईनात म्हणून मधली बरोबरची खूणच खोडून टाकली आहे, हे ती मला दाखवते आणि डोळ्यांत पाणी येईतो हसते, आणि मीही हसतो, आणि मला खरेच हसू येते — हेच तर कळत नाही, खरेच येते. तिच्यापाशी बसलो की पोटात येऊन बसलेला हा दगड हलका होतो. रस्त्यात, दवाखान्यात, अंघोळ करताना तो असतो, तिच्याजवळ नसतो. ज्या बाईला आजार आहे तिच्याजवळच तो आजार नाही... काय आहे हे?

"डॉक्टर, तुम्हीच या आता. प्रात्यक्षिक करून दाखवा. एवढ्या वर्षांचा अनुभव तुमचा."

दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या गेल्या. बाईंनी सिस्टरला मालकीण केले. "म्हातारा कुत्रा. प्लीहेवर गाठ, आत रक्त साचतंय, यकृतापर्यंत गेलेलं. उपाय नाही. सांगा त्यांना."

यकृतापर्यंत. तो दचकला, मग त्याने स्वतःला समजावले — ते नेहमी यकृतातच जाते, पुस्तकातले उदाहरण आहे.

सिस्टरने पर्स मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी घट्ट धरली, पाय खुर्चीखाली ओढून घेतले, आणि एवढ्यानेच ती बदलली. रोज दांडगट कुत्र्यांना काखेत मारून वजनकाट्यावर ठेवणारी ती थोराड बाई लहान दिसू लागली. त्याने खुर्ची जरा पुढे घेतली. आणि त्याचा आवाज आला. त्याला काही करावे लागले नाही, आवाज आपोआप खाली उतरला, मऊ झाला, शब्दाशब्दांत जागा पडली. हा त्याचा आवाज ठरलेला होता. बायको त्याला मांजरवैद्याचा आवाज म्हणायची. घरातलं दूध संपलं तरी तू याच आवाजात सांगतोस, मला वाटतं म्हैसच गेली, असे ती म्हणायची... म्हणायची? म्हणते. ती म्हणते. काल रात्रीसुद्धा म्हणाली.

"मी जे सांगणार आहे ते चांगलं नाही," तो म्हणाला.

सिस्टरने मान हलवली.

"त्याच्या पोटात गाठ आहे. ती पसरली आहे. आता ती आम्हाला काढता येणार नाही. तो यातून बरा होणार नाही."

कोणी बाक करकरवला नाही. धाकट्या डॉक्टर तोंड किंचित उघडे टाकून पाहत होत्या.

"किती दिवस?" सिस्टरने विचारले.

"मोजून नाही सांगता येणार. फार नाहीत."

"तुमचा असता तर तुम्ही काय केलं असतं?"

हा प्रश्न सगळे विचारतात. त्याचे उत्तर त्याच्याकडे तयार असते — त्याला दुखू देणार नाही मी, तुम्ही सांगाल तेव्हा, तुमच्या मांडीवर... जनावरांच्या डॉक्टरकडे शेवटी तेवढे तरी असते, एक सुई, आणि तिच्या आधाराने तो इतकी वर्षे इतका शहाण्यासारखा बोलत आला होता. तो तोंड उघडणार, एवढ्यात सिस्टर स्वतःच म्हणाली, पर्सकडे बघत, जणू त्याने विचारले होते —

"नाही, आज नको काही. आज मी त्याला घरी नेते. माझ्या मुलीला अजून काही माहीत नाही ना. ती शाळेतून येईल, जिन्यातूनच त्याला हाक मारेल. आज एवढं होऊ दे. तिला कळेपर्यंत आमच्या घरात तो बराच आहे ना, डॉक्टर?"



तो सिस्टरकडे पाहत राहिला. तिच्या कपाळावरची बारीक जखमेची खूण, कोणत्या तरी मांजराने ओरबाडलेली, पांढरी पडलेली... तिच्यामागे भिंत, भिंतीवर जंतांच्या औषधाचे चित्र. पंखा फिरत होता. घरी ती बरी होती. या क्षणी, त्या खोल्यांत, खिडकीपाशी, ती अगदी बरी होती, पाठ जराशी दुखत होती तेवढीच. साऱ्या जगात ती एकाच ठिकाणी बरी उरली होती — तिच्या स्वतःच्या डोक्यात — आणि तो रोज संध्याकाळी तिथे जात होता, हात शेकायला. तिला धक्का बसेल म्हणून नव्हता तो गप्प. तिला सांगितले की ते ठिकाणही जाणार होते, आणि मग त्याला जायला कुठे जागाच उरणार नव्हती...

"पाहिलंत?" बाईंचा आवाज आला, हलका, भारावलेला. "डॉक्टर किती थांबले पाहिलंत? मध्ये एक शब्द घातला नाही. मी इतकी वर्षं हे शिकवते, पण अशी शांतता शिकवून येत नाही."

काकांनी टाळ्या वाजवल्या. मग धाकट्या डॉक्टरांनीही.

"आतल्या मांजरीला बघून येतो," तो म्हणाला आणि उठला.

पिंजऱ्यांच्या खोलीत एकच रुग्ण होती, काल पोट फाडून दोऱ्याचा गुंता काढलेली तांबूस मांजरी. गळ्याभोवतीच्या प्लॅस्टिकच्या नरसाळ्यातून तिने त्याच्याकडे रागाने पाहिले. त्याने सलाईनचे थेंब पाहिले, ते ठीक पडत होते. टाके पाहिले, ते कोरडे होते. करायला काही नव्हते. त्याने पिंजऱ्याची कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

सिस्टर दारात आली होती. "तिला मी मघाशीच बघितलं, डॉक्टर."

"हं."

"मी काही जास्त बोलले का? ते मुलीचं वगैरे... मनातच आलं एकदम. इतकी माणसं बघतो ना आपण."

"नाही, नाही. चांगलं केलंत."

ती जाईना. पदर नव्हता म्हणून हात ॲप्रनला पुसत राहिली. "वहिनींच्या तपासण्या होत्या ना परवा? काय निघालं?"

सिस्टरला सांगता आले असते. ती बसली असती इथल्या स्टुलावर, आणि एक वाक्य पुरले असते.

"काही नाही," तो म्हणाला. "पित्त आहे. बऱ्या आहेत."

"देवच पावला. मला आपली काळजी लागली होती, खराब दिसल्या मागच्या खेपेला." आणि तिचा चेहरा असा सैल झाला, असा मनापासून उजळला, की त्याला तिच्याकडे बघवेना. आता सिस्टरच्या घरीही ती बरी होती. रात्री जेवताना सिस्टर नवऱ्याला सांगेल, आमच्या डॉक्टरांच्या मिसेसना नुसतं पित्त निघालं. तिथेही ती एक रात्र बरी असेल.

दुपारनंतर बाईंनी काय शिकवले ते त्याच्या फारसे ध्यानात राहिले नाही. धाकट्या डॉक्टरांनी काकांना वाईट बातमी सांगितली, चांगली सांगितली, आणि काका मालकाचे काम करता करता खरेच डोळे पुसू लागले, म्हणून सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. निघताना बाईंनी त्याचा हात हातात घेतला. "तुमच्या माणसांचं नशीब चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

घरी तो चालत गेला. उन्हे अजून होती. चौकातल्या दुकानदाराने हात केला, त्याने हात केला. रस्ताभर तो वाक्ये जुळवत होता आणि प्रत्येक वाक्य मांजरवैद्याच्या आवाजात येत होते. दुसरा आवाज आठवून पाहिला, लहानपणचा, कॉलेजातला, तिला पहिल्यांदा काहीतरी विचारताना फाटलेला तो — पण त्या आवाजात हे वाक्य बसत नव्हते. जिन्यात तो थांबला. वरून शिलाई मशीनचा आवाज येत होता, घरघर, थांबून पुन्हा घरघर. ती होती. ती आत होती आणि तिला माहीत नव्हते. शेवटचे एकदा हात शेकून घ्यावेत तसा तो तिथे कठड्याला धरून ऐकत उभा राहिला.

दार लोटलेलेच होते. ती मशीनसमोर पाठमोरी बसली होती, मान वाकलेली, आणि ब्लाउजच्या गळ्यातून मानेखालचे मणके एकेक वर आलेले. शेजारी खुर्चीवर तिचे तीन-चार ड्रेस पडले होते. "आलास? झालं शिकवून?" ती न वळता म्हणाली. "सगळे दोन्ही अंगांनी आत घेतेय बघ. शाळेत कालच एक कारटं म्हणालं, बाई, तुम्ही ताईचा ड्रेस घातलाय का. थांब, बरा आलास. मला एक सांग."

ती वळली. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. हातात उलटा केलेला निळा ड्रेस, आणि दुसऱ्या हातात कात्री, उघडी. नव्या शिवणीच्या बाहेर चांगली रुंद पट्टी उरली होती.

"हे आतलं कापून टाकू का राहू दे? राहू दिलं तर काखेत जाड लागतं. पण कापलं, आणि परत अंगावर आलं म्हणजे? मग काय करू? उद्या हाच घालून यायचाय मला."

तो दारातच उभा होता. राहू दे म्हणायचे की काप म्हणायचे — दोनच शब्दांतला एक, ती वाट पाहत होती, टाचण्यांमागून हसत — आणि दोन्ही शब्द घशाशी आले आणि दोन्ही आत गेले.

"बोल की, मांजरवैद्य."

तिचे हसू जरा उरले, मग नुसता त्याचा आकार उरला. तिने कात्री मिटवून मांडीवर ठेवली. ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या, सावकाश, त्याच्यावरची नजर न काढता.

"तू कुठे असतोस रे?" ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. "परवापासून. बोलतोस, हसतोस, सगळं करतोस. पण इथे मीच एकटी असते."

त्याला वाटले होते ते घर आहे — ती बरी असलेले, दिवा लागलेले — आणि आपण रोज त्यात जाऊन बसतो. तो कधी आत गेलाच नव्हता. तो बाहेर रस्त्यावर उभा राहून खिडकीतून तिला पाहत होता, आणि आत ती एकटी होती, आणि एकटीच त्या ड्रेसच्या शिवणी आत घेत होती, इंच इंच. परवापासून त्याला तिची आठवण येत होती. ती हाताच्या अंतरावर असताना, तिच्याशी जेवताना, तिच्या कुशीला झोपताना, तिची इतकी आठवण येत होती की हा दगड म्हणजे तीच असावी... आणि आता तिच्यासमोर तो पोटात तसाच होता, पुरता, जड, पहिल्यांदाच तिच्याजवळही होता.

तो जमिनीवर बसला. तिच्या पायांशी, कापडाच्या तुकड्यांत. काय म्हणायचे ते त्याला माहीत नव्हते, आवाज कोणता निघेल तेही माहीत नव्हते. तिने खाली वाकून त्याच्या केसांत हात घातला, आणि तो त्या हाताखाली मान वर करायला धीर गोळा करत राहिला.